माहेरच्या वाटेवर वाढलेलं बीपी आणि सत्तर हजारांचा हिशोब

गरोदरपणात बीपी चढलेल्या एका बाईचं हे प्रकरण २०२४ च्या पावसाळ्यातलं. मी या पट्ट्यात गरोदर बायकांच्या पाठपुराव्याचं काम करते. ओळख पटू नये म्हणून माणसांची, गावांची आणि दवाखान्यांची नावं गाळली आहेत. रकमा तिच्या नवऱ्याने वहीत टिपून ठेवलेल्या आहेत, मी त्या फक्त शंभरच्या घरात पूर्ण केल्या.

पार्श्वभूमी

सासर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाला लागून असलेल्या गावात. भातशेती, थोडे काजू, दोन म्हशी. नवरा गोव्यात एका हार्डवेअर दुकानाचा टेम्पो चालवतो आणि महिन्याला एकदा चोर्ला घाटाने घरी येतो. माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. दोन्ही घरी मराठी बोलतात, सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची. मधली राज्याची हद्द लग्नाच्या बोलणीत कोणी मोजत नाही, ती मोजली जाते कागदांवर.

ती तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. दहाव्या आठवड्यात सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं, तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या तपासण्यांचं कार्ड) मिळालं, बीपी ११८/७६ होतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या केंद्रातून मोफत. तपासणीला जाणंही बिनपैशाचं, कारण जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही. सातव्या महिन्यापर्यंत घरचा खर्च म्हणजे बेळगावात खासगीत केलेल्या दोन सोनोग्राफी, ३,२०० रुपये.

नोंदणीच्या वेळी घराण्यात कोणाला काय आजार आहे हे विचारलं गेलं. सोबत सासू होती, तिने आपल्या घरातलं सांगितलं. सुनेच्या आईला तिच्या पहिल्या बाळंतपणात झटके आले होते, ही गोष्ट सासूला ठाऊक नव्हती. सुनेला अर्धवट ठाऊक होती, पण सासूदेखत ती बोलली नाही.

अडचण कशी वाढत गेली

अठ्ठाविसाव्या आठवड्यात बीपी १३८/८८ भरलं आणि पायांना सूज दिसली. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. सोबत लघवीत प्रथिनं गेली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांवर परिणाम दिसला की तो प्रीएक्लॅम्पसिया. तिचा आकडा रेषेच्या दोन बोटं अलीकडे होता. आठवड्याने पुन्हा या असं सांगितलं गेलं, कार्डावर तसं कन्नडमध्ये लिहिलंही. लघवीची तपासणी त्या दिवशी झाली नाही. घरी सासूने ऐकीव सल्ल्याने जेवणातलं मीठ तोडलं. मीठ तोडल्याने हा आजार थांबत नाही, पण गावोगाव हाच पहिला उपाय असतो आणि त्यामुळे काहीतरी केल्याचं समाधान मिळून पुढची तपासणी लांबते.

त्याच आठवड्यात डोहाळजेवण झालं आणि रिवाजाप्रमाणे ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली.

इथून चार आठवडे ती कोणाच्याच यादीत नव्हती. सासरच्या आशाताईंच्या वहीत ‘माहेरी गेली’ अशी नोंद झाली. माहेरच्या आशाताईंना ती आल्याचं कळलं, पण नोंदणी कर्नाटकातली म्हणून त्यांच्या रोजच्या फेरीत नाव चढलं नाही. तायी कार्ड ट्रंकेत राहिलं, कारण माहेरी ते कोणाला वाचता येईना. आकडे मात्र कुणालाही वाचता आले असते, हे मला पुढे कित्येकदा आठवलं.

बत्तिसाव्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं, छातीखाली उजवीकडे दुखायला लागलं. घरच्यांनी पित्त म्हटलं. जवळच्या खासगी डॉक्टरांनीही पित्ताच्या गोळ्या दिल्या, दोनदा, एकूण ७०० रुपये. बीपीचा पट्टा दोन्ही वेळा बाहेर आला नाही. पोटाच्या वरच्या भागातलं हे दुखणं यकृताला सूज आल्याची खूण असू शकते आणि गरोदर बाईत ते पित्त मानण्याआधी बीपी मोजायलाच हवं. तेहतिसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात म्हणाली तेव्हा आई हादरली, कारण तिला स्वतःचं आठवलं. तिने आशाताईंना हाक मारली. केंद्रात बीपी १७०/११२, लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस, म्हणजे प्रथिनं बरीच जात होती.

त्या रात्री समोर असलेले पर्याय

केंद्रातल्या डॉक्टरांनी बीपी उतरवणारी निफेडिपिनची गोळी दिली आणि मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. हे औषध अगदी स्वस्त आहे आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत, ज्यात दहा हजारांहून अधिक बायका होत्या, त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला होता. तिला पुढे एकही झटका आला नाही. साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या इंजेक्शनचा. वहीत त्याच्यासमोर रक्कम नाही, कारण ते मोफत होतं.

आता न्यायचं कुठे? चार वाटा होत्या.

१०८ ची गाडी गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघायला तयार होती, तिथे नाही जमलं तर पुढे कोल्हापूर. बाळंतपण आणि नवजात बाळाचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत, हा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा हक्क २०११ पासून दोन्ही राज्यांत आहे. पण कोल्हापूर लांब, आणि तिथे या घराचं ओळखीचं कोणी नाही. चंदगडची माणसं मोठ्या दुखण्याला पूर्वापार बेळगाव गाठतात.

बेळगावात सरकारी रुग्णालय होतं. तिथे गर्दी असते, कोणी विचारत नाही, असं मामाने ऐकलेलं.

बेळगावातच एक खासगी नर्सिंग होम होतं. मामाच्या सुनेचं बाळंतपण तिथे नीट झालं होतं.

चौथी वाट फोनवरून नवऱ्याने सुचवली: गोव्याला आणा, मी इथे आहे. बांबोळीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय चांगलं खरं, पण गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे २०१८ पासून शुल्क आहे, आणि भर पावसात रात्री चोर्ला घाटातून १७० बीपी घेऊन जाणं म्हणजे वाटेतच काही होण्याची भीती. ही वाट लगेच सुटली.

या सगळ्यात पैशाचा प्रश्न कागदापाशी अडत होता. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. साधारणपणे आधी सरकारी रुग्णालय, तिथे सोय नसेल तर त्यांच्या चिठ्ठीने खासगी, आणि तातडीच्या प्रसंगी चिठ्ठीशिवाय, असा क्रम आहे. सासरचं कार्ड बीपीएलच होतं. पण लग्नाला दीड वर्ष होऊनही तिचं नाव त्यावर चढलेलं नव्हतं, ते अजून वडिलांच्या महाराष्ट्रातल्या रेशन कार्डावर होतं. मामाला आणखी एक आठवलं: महाराष्ट्र शासनाने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेण्याचं ठरवलं आहे, आपलं सासरचं गाव त्यात असेल. त्या निर्णयावर कर्नाटकाने हरकत घेतली होती आणि वर्तमानपत्रांत रकाने भरून आले होते. रात्री अकराला आरोग्य केंद्राच्या ओसरीवर त्यातून काही निष्पन्न होणार नव्हतं. दोन राज्यांच्या योजना कानावर होत्या, हातात एकाचंही चालणारं कार्ड नव्हतं.

काय केलं

नर्सिंग होम ठरलं. खासगी गाडीने ३,००० रुपये, पावसात दीड तास. तिथे १५,००० डिपॉझिट भरून दाखल करून घेतलं. शिरेतून लॅबेटेलॉल दिलं, बीपी १५० च्या आसपास आणलं, मॅग्नेशियम सुरू ठेवलं, आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं बारा-बारा तासांनी चालू केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रक्ताचा अहवाल आला. प्लेटलेट १ लाख ४० हजारांवरून ९२ हजारांवर, यकृताचे आकडे वर. तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आता थांबता येणार नाही, बाळ काढावं लागेल, त्याला काचेची पेटी लागेल आणि ती आमच्याकडे नाही. बिल २६,५०० रुपये.

दुसरा निर्णय इथे होता आणि तो पहिल्यापेक्षा मोठा. एका मोठ्या खासगी रुग्णालयात फोन करून विचारलं तेव्हा आईसाठी ६०,००० डिपॉझिट आणि बाळाच्या पेटीचे दिवसाला अंदाजे ८,००० सांगितले गेले. बाळाला तीन आठवडे लागले तर नुसत्या पेटीचे दीड लाखाच्या वर. वडील म्हणाले, शेत गहाण टाकतो. मामाने तर एका पतसंस्थेच्या संचालकाला उठवलंही होतं. नवरा गोव्याहून पोचला होता. त्याने नर्सिंग होमच्या सिस्टरना बाजूला घेऊन एकच विचारलं: तुमची बहीण असती तर कुठे नेलं असतं? त्यांनी सरकारी रुग्णालयाचं नाव घेतलं. तिथे रात्रंदिवस भूलतज्ज्ञ आहेत, रक्तपेढी आहे, बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे, आणि असले रुग्ण तिथे रोज येतात.

खासगी रुग्णवाहिकेचे १,२०० गेले. त्याच रात्री सिझर झालं. मुलगी झाली, १,४८० ग्रॅम. रक्तघटकांची पिशवी मोफत मिळाली, बदल्यात नवऱ्याच्या मित्राने रक्त दिलं. मॅग्नेशियम प्रसूतीनंतर आणखी २४ तास चाललं. तिसऱ्या दिवशी बीपी पुन्हा १६०/१०० वर गेलं. बाळ बाहेर आलं की आजार संपला असं घरचे धरून चालले होते. प्रत्यक्षात बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस बीपी चढण्याचेच असतात आणि झटके तेव्हाही येऊ शकतात. गोळ्या वाढवल्या, आठव्या दिवशी टाके काढले.

खर्चाचा हिशोब

सिझर, रक्त, औषधं, बाळाचे कक्षातले एकोणीस दिवस, यांचं सरकारी रुग्णालयातलं बिल शून्य. तरी वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज ७०,६०० आहे. हे कसं झालं ते पाहणं हा या लेखाचा मुख्य भाग.

नर्सिंग होमचे २६,५०० सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात, पण ते एकूण खर्चाच्या चार दशांशांपर्यंतही पोचत नाहीत. नवऱ्याचा जवळपास महिन्याचा पगार बुडाला, १५,०००. वडील आणि भाऊ ऐन भात लावणीत बेळगावात अडकले, बदली मजूर लावावे लागले, ६,०००. बाळ आत आणि आई बाहेर असे तीन आठवडे गेले. दूध काढून द्यायला आई हवी, आईजवळ बाईमाणूस हवं, खाली औषधाच्या चिठ्ठीला धावायला एक गडी हवा. या तिघांचं जेवण, चहा, आंघोळीची सोय, नातेवाइकांच्या खेपा मिळून ११,०००. सरकारी नियमाने सिझर झालेल्या बाईला सात दिवस जेवण मिळतं. सोबतच्यांना मिळत नाही, आणि तिलाही आठव्या दिवसापासून नाही. हे तीन आकडे जोडले की ३२,००० होतात, म्हणजे नर्सिंग होमच्या बिलापेक्षा जास्त, आणि यातला एक रुपयाही कोणत्याच आरोग्य योजनेच्या कक्षेत येत नाही. नंतरची बीपीची औषधं, बाळाच्या खेपा धरून ४,०००. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा हलक्या बाळाचे डोळे महिनाभरात तपासावे लागतात, ती खेप यातच.

पैसा उभा राहिला तो असा: आईची बोरमाळ बँकेत गहाण ठेवून ४०,०००, गावातल्या सावकाराकडून शेकडा तीनने १५,०००, बाकी हातचे आणि नवऱ्याच्या मालकाने दिलेली उचल. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलाचे ५,००० दोन हप्त्यांत मिळतात, त्यातला पहिला गरोदरपणातच आला होता आणि डोहाळजेवणात संपला होता. त्यात मला गैर काही वाटत नाही. तेव्हा पुढचं कोणाला दिसत होतं?

परिणाम

आई सावरली. प्लेटलेट आठवड्यात वर आल्या. बाळाला पेटीतून काढल्यावर आई आणि आजी आळीपाळीने छातीशी बांधून ठेवत. एकोणिसाव्या दिवशी १,६९० ग्रॅमवर सुट्टी झाली. डोळ्यांची तपासणी नीट निघाली. सहा आठवड्यांनी आईचं बीपी गोळीसह १३६/८८, तीन महिन्यांनी गोळी बंद झाली. तरी प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका जास्त राहतो, म्हणून वर्षातून एकदा तरी बीपी मोजायला सांगितलं आहे. हा खर्च वहीत कधी येणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळे नर्सिंग होमकडे बोट दाखवतात, तिथले २६,५०० वाया गेले म्हणतात. मला ते पटत नाही. बीपी तिथे आटोक्यात आलं, बाळाच्या फुप्फुसांची तीन इंजेक्शनं तिथे झाली, आणि आपल्याकडे काय नाही हे त्यांनी वेळेवर सांगितलं. पण थेट सरकारी रुग्णालय गाठलं असतं तर हेच सगळं बिनपैशाचं झालं असतं, हेही खरं. तेहतीस आठवडे आणि १७० बीपी असेल तर पहिला प्रश्न ‘डॉक्टर ओळखीचे आहेत का’ हा नसावा, ‘बाळाची पेटी आहे का’ हा असावा. तो त्या ओसरीवर कोणी विचारला नाही.

त्याहून मोठी संधी आधी गेली होती. आईला झटके आलेले असणं आणि पहिलटकरीण असणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की बाराव्या आठवड्यापासून रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यावी असं आजच्या वैद्यकीय मार्गदर्शिका सांगतात. गोळी रुपयाच्या आत मिळते. पहिलटकरणींना लवकर सुरू केलेल्या ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिनने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं ११ टक्क्यांनी कमी झाली, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या मोठ्या चाचणीत दिसलं, तिचं एक केंद्र बेळगावच होतं. गोळीने हिचा आजार नक्की टळला असता असं कोणी म्हणणार नाही. पण ती द्यायची की नाही हा प्रश्नच उभा राहिला नाही, कारण माहेरचा इतिहास सासरच्या माणसासमोर विचारला गेला. नोंदणीच्या वेळी बाईशी दोन मिनिटं एकटीशी बोलावं आणि तिच्या आईला फोन लावावा, याला पैसा लागत नाही.

मग ते चार आठवडे. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ या काळात क्लिप नावाची चाचणी झाली. आशा आणि परिचारिकांनी घरोघरी बीपी मोजायचं, धोका दिसला तर गोळी आणि मॅग्नेशियमचं इंजेक्शन देऊन पुढे पाठवायचं. एकूण हिशोबात माता-बाळांचं नुकसान त्याने कमी झालं नाही. मात्र भारत, पाकिस्तान आणि मोझांबिक इथल्या अशा चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा ज्या बायकांच्या भेटी आठ किंवा अधिक झाल्या त्यांच्यात मृत बाळं आणि नवजात मृत्यू कमी आढळले. म्हणजे यंत्र दारात येऊन भागत नाही, ते पुन्हा पुन्हा यावं लागतं. आणि इथे नेमकी ती साखळी हद्दीवर तुटली. माहेरी जाऊ नको असं सांगणारी मी कोण? पहिल्या खेपेला आईच्या हाताखाली राहण्याचं सुख मोठं असतं, आणि या प्रकरणात तर आईनेच धोका ओळखला. पण १३८/८८ ची बाई माहेरी निघते तेव्हा एका आशाताईने दुसऱ्या आशाताईला फोन करायला हवा होता. आता या दोन केंद्रांमध्ये तशी सवय लागली आहे, कुठल्या आदेशाशिवाय, नुसत्या मोबाईल नंबरांवर. सातव्या महिन्यात निघणाऱ्या बाईच्या कार्डाचा फोटो आधी पोचतो.

रेशन कार्डाबद्दल नवरा आणि सासरा यांच्यात अजून वाद आहे. सासऱ्यांचं म्हणणं, नाव चढलेलं असतं तर मोठ्या खासगीत फुकट झालं असतं. नवऱ्याचं म्हणणं, झालं तेच बरं झालं. माझ्या मते नाव असतं तरी सरकारी रुग्णालयच योग्य होतं, पण तिथे जागा नसती तर? तेव्हा ते कार्ड लाख-दीड लाखांचं ठरलं असतं. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला महाराष्ट्रातून आणायचा आणि मग कर्नाटकात अर्ज करायचा, यात माणसं कंटाळतात. मूल होईल तेव्हा दोघांचं एकदम चढवू, असं या घरानेही ठरवलं होतं.

पुढच्या खेपेला हा आजार पुन्हा होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते. सुट्टीच्या कागदावर डॉक्टरांनी तसं लिहिलंय: बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिन, बाळंतपण सरकारी रुग्णालयात. त्याच्या दोन प्रती काढल्या, एक सासरी, एक माहेरी. रेशन कार्डावर आई आणि मुलगी दोघींची नावं चढली आहेत. बोरमाळ अजून बँकेत आहे, आणि सावकाराचं महिन्याचं साडेचारशे व्याज सासूला कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेतून महिन्याला मिळणाऱ्या दोन हजारांतून जातं.